पुलाच्या अलीकडे पिवळा

एसटीत मी एकतीस वर्षं कंडक्टर होतो. त्या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या, गुडघेदुखी आणि हद्दीवरचा विश्वास. कंडक्टरच्या डोक्यात जमीन सलग नसते, ती टप्प्याटप्प्यानं असते. टप्पा बदलला की भाडं बदलतं, विभाग बदलला की साहेब बदलतो. हद्दीच्या अलीकडचं वेगळं आणि पलीकडचं वेगळं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की निवृत्तीनंतरही ते गेलं नाही.

आमचं गाव पांझरेच्या काठावर, धुळे जिल्ह्याच्या अगदी टोकाला. पूल ओलांडला की जळगाव जिल्हा. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये जळगाव जिल्ह्याला गारपिटीचा इशारा होता, धुळ्याला नव्हता. आणि खरंच, पुलाच्या पलीकडचा गहू आडवा झाला, आमच्याकडे थेंबसुद्धा पडला नाही. मी आदल्या दिवशीच पारावर सांगितलं होतं, "घाबरू नका, ते जळगावचं आहे." त्या दिवसापासून गावात माझा भाव वाढला. रुपचंद हे नाव लोक विसरले आणि मला हवामाननाना म्हणू लागले.

मग काय, मी पेटलोच. फोनवर हवामानाचं ॲप घेतलं. रोज संध्याकाळी पुढच्या आठवड्याचा अंदाज बघायचा, दोन्ही जिल्ह्यांचे रंग बघायचे आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचं. हिरवा म्हणजे खुशाल झोपा, पिवळा म्हणजे जरा लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे घरात बसा, लाल म्हणजे देवाचं नाव घ्या. हे शहाणपण माझंच. माझी बायको सुंदरबाई खूप हसायची. म्हणायची, "ढग तुमले इचारीसन येतस का? फोनमा पाऊस, आन् आंगनमा ऊन!"

हसू दे. मला तेव्हा त्या हसण्याचं काही वाटत नव्हतं. आज ते ऐकायला मिळावं म्हणून मी काहीही देईन.

आमची नूतन मागच्या मार्गशीर्षात चोपड्याकडे दिली. माणसं चांगली, घरची केळीची बाग, जावई किरण शांत स्वभावाचा. यंदा तिची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होती. खानदेशात दिवाळीला लेक आली नाही तरी बाप कसंबसं निभावून नेतो, पण आखाजीला लेक माहेरी नाही म्हणजे घराला घरपण नाही. त्यातही पहिल्या आखाजीला भावानं बहिणीच्या सासरी जायचं, मुराळी म्हणून मानानं जेवायचं आणि तिला घेऊन यायचं. मुराळी म्हणून आमचा कुंदन जाणार होता. तो नूतनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, धुळ्याच्या एका कारखान्यात कामाला. त्यानं मंगळवारपासून खास रजा काढली होती.

आखाजी गुरुवारी होती. आदल्या शनिवारी संध्याकाळी मी ओट्यावर बसून येत्या आठवड्याचा अंदाज उघडला. जळगाव जिल्हा, मंगळवार आणि बुधवार, ऑरेंज. विजा, वादळी वारे, काही ठिकाणी गारा आणि मुसळधार. धुळे जिल्हा, तेच दोन दिवस, पिवळा.

मी लगेच नूतनला फोन लावला. तिचं म्हणणं होतं की ती बुधवारी येणार, किरणच गाडीनं आणून सोडणार आणि कुंदननं मुराळी म्हणून नुसतं गाडीत बसायला यावं.

"सासूबाईस्नी कुरडाया मांडेल शेतस नाना. बठ्ठा पसारा पडेल शे. बुधवारे येसू."

"बुधवारे तठे ऑरेंज शे."

"आन् तुमनाकडे?"

"पिवया."

ती इतकी हसली की फोन तोंडापासून लांब धरल्याचं मला इकडे कळलं. "नाना, ह्या काय साड्यास्ना रंग शेतस का?"

मला राग आला. माझा राग हा असा, क्षुल्लक गोष्टीवर येतो आणि मग मी हट्टाला पेटतो. मी सरळ विहीणबाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "व्याहीबाबा, बुधवारी चारचाकीनं व्यवस्थित पाठवते, काळजी नका करू." मी म्हणालो, "बुधवारी नाही. मंगळवारी सकाळी पाठवा, दुपारच्या आत पूल ओलांडू दे." विजा दुपारी चारनंतरच कडकडतात असा माझा अनुभव होता. जरा चढ्या आवाजात बोललो असेन, कारण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं, तुमची लेक आहे."

माझी लेक होती. म्हणूनच तिला त्या ऑरेंजमधून बाहेर काढायचं होतं. हे मी कुणाला पटवून द्यायला सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

मंगळवारी पहाटेच कुंदन मोटारसायकलनं निघाला. चारचाकी त्या दिवशी केळीच्या कामात अडकली होती, म्हणून दोघं मोटारसायकलवरच येणार होते. मी त्याला सांगून ठेवलं होतं, दहाला तिथून निघायचं. पण मुराळी घरी आल्यावर त्याला जेवल्याशिवाय कोण सोडतं? पुरणपोळी झाली, आमरस झाला, मग विहीणबाईंनी कुरडयांचा डबा भरला, मग पापड, मग लोणचं. निघता निघता दोन वाजले. मी पाच वेळा फोन केला. पाचव्या वेळी तर कुंदननं उचललासुद्धा नाही.

चारला आभाळ पूर्वेकडून काळवंडलं. वीस-पंचवीस मिनिटांनी कुंदनचा फोन आला.

"नाना, वारा भलताच सुटना. आभाय भरी ऊनं. आम्ही चांदभाईना दुकानमा बठेल शेतस."

चांदभाईंचं पंक्चरचं दुकान पुलाच्या पलीकडे, अगदी पुलाच्या तोंडाशी. पक्क्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब. त्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटरमध्ये तेवढं एकच पक्कं छत. मला ते दुकान नीट माहीत होतं, माझ्या गाडीचं चाक तिथं कितीदा उतरवलं असेल.

मी ओट्यावरून उठून घरात आलो. हातातल्या फोनवर ॲप उघडलं. जळगाव ऑरेंज. धुळे पिवळा.

"पूल किती दूर शे?"

"हाऊ काय, समोर दिखी ऱ्हायना."

"मंग तठे कसाले बठनात? तुम्ही ऑरेंजमा शेतस. पूल उतरनात की पिवया. दहा मिनिटना रस्ता शे. निघा."

"चांदभाई म्हनतस, थोडं थांबा."

"चांदभाईना फोनमा हवामान शे का? निघ."

तेवढ्यात नूतननं त्याच्या हातातून फोन घेतला. लहानपणी ती माझ्यासोबत गाडीत यायची, घंटेची दोरी ओढायला मिळावी म्हणून पुढच्या सीटवर उभी राहायची. दोन टोले दिले की गाडी हलते, यात तिला फार मोठी गंमत वाटायची. फोनवर म्हणाली, "नाना, डबल बेल द्या, मंग निघतस."

मी म्हणालो, "टिंग टिंग."

ती हसली आणि फोन बंद झाला.

पाऊण तासानं चांदभाईंचा फोन आला. काय बोलले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की ते रडत होते आणि मी त्यांना विचारत होतो, "पुलाच्या कुठल्या बाजूला? पुलाच्या कुठल्या बाजूला?"

अलीकडच्या. धुळे जिल्ह्याची स्वागताची पाटी मागे टाकून, आमच्या गावच्या चढावर, उघड्या रस्त्यावर. तिथं पाऊससुद्धा फार नव्हता. धूळ बसेल एवढाच. एकच वीज पडली. कुंदन रस्त्याच्या कडेला फेकला गेला होता, त्याच्या उजव्या खांद्यापासून मनगटापर्यंत भाजल्याचा पट्टा उमटला होता. मी पोहोचलो तेव्हा तो बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्या कपाळावरचे केस नीट करत होता. कुरडयांचा डबा पिशवीत तसाच होता, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. माझ्या नूतनच्या अंगावर कुठं काही दिसत नव्हतं. मी तिला दोन-तीनदा हाक मारली. मूर्खासारखा आणखी मारत राहिलो असतो, पण कुणीतरी मला धरलं.

त्या रात्री शवविच्छेदन आटोपल्यावर सासरच्या रीतीप्रमाणे तिला चोपड्याला नेलं. म्हणजे पूल पुन्हा ओलांडला. गाडीत मी तिच्या पायाशी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी, ज्या बुधवारची मी इतकी भीती घातली होती, त्या बुधवारी चोपड्यात दिवसभर लख्ख ऊन होतं. किरण सरणापाशी उभा होता. त्यानं मला हाताला धरून सावलीत बसवलं.

घरी आल्यावर मी तो अंदाज पुन्हा उघडला. पिवळ्या रंगाखाली दोन ओळी होत्या. धुळे जिल्ह्यातही विजांचा कडकडाट, उघड्यावर थांबू नये, पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा. सगळं स्वच्छ मराठीत लिहिलेलं. मी नुसता रंग वाचला होता. तिकिटाचा रंग बघून टप्पा सांगायची सवय असलेला माणूस, मजकूर कशाला वाचेल?

पाचव्या दिवशी चांदभाई भेटायला आले. सोबत त्यांची बायको जुबेदाभाभी होत्या. त्या आत सुंदरबाईला बिलगून बसल्या. चांदभाई समोरच भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "वहिनी, मी थांबवलं होतं हो पोरांना. चहा दिला. नूतनबेटीनं अर्धाच पिला. तेवढ्यात कुंदनभाऊ दारात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला आणि म्हणाला, निघतो. मी हात धरून बसवायला पाहिजे होतं."

सुंदरबाईनं मान वर केली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिनं कुणाकडे नीट पाहिलं, आणि ते दाराशी बसलेल्या कुंदनकडे.

"बठेल व्हतात ना रे तुम्ही? छतखाले बठेल व्हतात ना? मंग उठनात कसाले? फोन कोना व्हता?"

कुंदननं माझ्याकडे एकदा पाहिलं, अगदी एकदाच, आणि मान खाली घातली.

"दोस्तना."

"दोस्तना फोनवर मनी पोरले उठाडं तू?"

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. नंतर कळलं असं म्हणून सुटका करून घेणार नाही. पण मी माझ्या गुडघ्याला हात लावून बसून राहिलो. आज सांगू, उद्या सांगू, दशक्रिया झाल्यावर सांगू. भेकड माणसाला तारखा बऱ्या सापडतात.

सुंदरबाईनं कुंदनशी बोलणं सोडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताट वाढून त्याच्यासमोर ठेवायची आणि पाठ फिरवायची. तो "माय" म्हणायचा, ती भांडी घासत राहायची. खांद्याच्या जखमेवर मलम लावायला ती शेजारच्या मंदाबाईला बोलवायची, स्वतः हात लावायची नाही. एकदा मध्यरात्री मी पाणी प्यायला उठलो तर कुंदन तिच्या अंथरुणाशी जमिनीवर बसलेला दिसला. ती जागी होती. त्याच्याकडे पाठ करून, डोळे उघडे ठेवून पडली होती.

माझ्याशी मात्र ती बोलायची. जेवला का, गोळी घेतली का, पाय दाबू का. पूर्वीपेक्षा जास्तच मायेनं. त्या प्रत्येक प्रश्नानं मला अंगात काटा रुतल्यासारखं व्हायचं आणि तरी मी म्हणायचो, हो, घेतली.

एकदाच कुंदन मला मळ्याच्या वाटेवर एकटा सापडला. मी म्हणालो, "तुझ्या मायला मी सांगून टाकतो." तो म्हणाला, "नको नाना. तिची पोर गेली. आता तुम्हीही तिच्या मनातून गेलात तर ती जगणार नाही." माझा मुलगा सव्वीस वर्षांचा. मी एकसष्ट. आणि त्यानं दिलेली ती सूट मी निमूट घेतली.

बरोबर महिना झाला. एका सकाळी कुंदननं बॅग भरली. वरणगावला ओळखीनं कंत्राटी काम मिळालंय, तिकडेच खोली घेतो म्हणाला. मोटारसायकल तो आता चालवत नव्हता. नऊच्या बसनं जाणार होता. सुंदरबाई अंगणात सुपात दाणे पाखडत होती. तो तिच्या पाया पडला. तिनं सूप थांबवलं नाही.

तेव्हा मला सहन झालं नाही. पोरगी गेलीच होती, आता पोरगाही माझ्या देखत घरातून चालला होता, आणि तोही माझ्या वाटणीची शिक्षा डोक्यावर घेऊन. मी अंगणात उतरलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

"सुंदर, तो फोन दोस्तना नव्हता. मना व्हता. मीच निघा म्हनं."

सूप थांबलं. कुंदन जागच्या जागी थिजला. मी वाट पाहत होतो की ती आता ओरडेल, ऊर बडवेल, माझ्या अंगावर सूप फेकेल. मला ते हवंच होतं.

ती दाण्यांतला एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "माले माहीत शे."

"काय?"

"तुम्ही घरमा बोली ऱ्हायंतात, तवय मी मांगला दारमाच व्हतू. बठ्ठं आयकं मी. टिंग टिंग बी आयकं. आन् माले बरंच वाटनं. म्हनं, येवू दे लवकर, दूध तापाडी ठेवस. मीबी नही म्हनं का थांबू द्या त्यास्ले."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

"मंग महिनाभर त्याले..."

"तुमले बोलती तर या घरमा तुमनासंगे मी कशी ऱ्हाती?" ती आता रडत होती, तोंड न झाकता, महिन्याभरात पहिल्यांदा. "आन् सोताले बोलती तर कशी जगती? तो पोऱ्या शे. माले वाटनं, तो सहन करी ली."

कुंदनच्या हातातली बॅग खाली पडली. तो आईकडे बघत होता, लहानपणी जत्रेत हरवल्यावर बघायचा तसा.

"माय, तुले माहीत व्हतं?" तो म्हणाला. "मंग मी महिनाभर कोनले वाचाडी ऱ्हायंतू?"

सुंदरबाई उठली, त्याच्या भाजलेल्या खांद्याला हात लावायला गेली. तो एक पाऊल मागे सरला. रागानं नाही. जखम अजून ओली असते आणि माणूस आपोआप अंग चोरतो, तसा. पण तिचा हात हवेतच राहिला. त्यानं वाकून बॅग उचलली, माझ्या पाया पडला आणि फाटकाबाहेर गेला.

"त्याले थांबाडा ना," सुंदरबाई मला म्हणाली. "अहो, थांबाडा ना त्याले."

मी फाटकापर्यंत गेलो. तो रस्त्याच्या कडेला, स्टॉपवर, आमच्याकडे पाठ करून उभा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. मी तोंड उघडलं आणि मला एवढंच सुचलं की या पोराला मी शेवटचं काही करायला सांगितलं ते तो पुलापलीकडच्या त्या दुकानात बसलेला असताना. त्यानं निमूट ऐकलं होतं. आता त्याला काहीही करायला सांगायचं, नुसतं थांब म्हणायचं, तरी ते माझ्या तोंडून येईना.

नऊची बस आमच्याकडे कधी वेळेवर येत नाही. त्या दिवशी आली.